पिशवीचं, गवळ्याचं की ऑरगॅनिक? घरच्या दुधाबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

आमच्या सोसायटीत कोणी नवीन राहायला आलं किंवा कोणाकडे बाळंतीण घरी आली की पहिला प्रश्न मला येतो, कुठलं दूध लावू. कारण काय तर माझे बाबा फलटणकडे गावात वीसेक वर्षं दूध संकलन केंद्र चालवायचे आणि घरी चार म्हशी, दोन गाई होत्या. त्यामुळे मला दुधातलं सगळं कळतं असा लोकांचा समज झालाय. सगळं नाही कळत, पण लिफ्टमध्ये तेच तेच सांगून कंटाळा आला म्हणून एकदाच सगळं लिहून ठेवते.

मुळात या तिन्हीत फरक काय?

पिशवीचं दूध म्हणजे हजारो शेतकऱ्यांकडून गोळा झालेलं, डेअरीत ७२ अंशाला साधारण १५ सेकंद तापवलेलं म्हणजे पाश्चराइज केलेलं, मग ४ अंशापर्यंत थंड केलेलं आणि फॅट हवं तेवढं कमीजास्त करून भरलेलं. गवळ्याचं सुटं दूध म्हणजे निरसं, त्याला फडक्यातून गाळण्यापलीकडे कोणी काही केलेलं नसतं (पाणी घालणं धरलं नाही तर). आणि ऑरगॅनिक म्हणजे जनावराला काय खायला घातलं, औषधं कशी दिली याचा हिशोब.

इथेच सगळा घोळ होतो. ऑरगॅनिक हा शब्द गाईच्या तोंडाशी काय गेलं त्याबद्दल आहे, आणि निरसं की पाश्चराइज्ड हा प्रश्न दूध किती तापलं त्याबद्दल. दोन वेगळ्या गोष्टी आहेत. ऑरगॅनिक दूध निरसं असू शकतं आणि मग त्यातले जंतू काही ऑरगॅनिक म्हणून मवाळ होत नाहीत.

आमचे आजोबा धारोष्ण दूध प्यायचे, नव्वदी गाठली. मग निरसं प्यायला काय हरकत आहे?

माझेपण प्यायचे. कोल्हापुरात गंगावेशीत तर दूध कट्टाच आहे, समोर म्हैस पिळतात आणि फेसाळ ग्लास हातात देतात, तालमीतली पोरं तिथेच उभ्याने पितात. चवीबद्दल मी वाद घालणार नाही, ती चव पिशवीला येणार नाही.

पण माझ्या मामाची गोष्ट सांगते. गोठ्यात गाय गाभडली, म्हणजे तिचा गर्भ पडला, त्याने हातानेच सगळं काढलं, आणि धार काढल्यावर तांब्याभर निरसं दूध प्यायची सवय होतीच. दोन महिन्यांनी ताप सुरू झाला, संध्याकाळी चढायचा आणि पहाटे घामाने अंथरूण भिजवून उतरायचा, चार दिवस बरा की परत सुरू. टायफॉइडची औषधं झाली, मलेरियाची झाली, टीबीचा संशय झाला, पाठीचा मणका इतका दुखायचा की उठताना भिंत धरायला लागायची. शेवटी एका डॉक्टरांनी विचारलं, घरी जनावरं आहेत का. ब्रुसेलोसिस निघाला, जनावरांकडून माणसाला होणारा जंतूंचा ताप. दोन प्रकारची अँटिबायोटिक्स सहा आठवडे. आता तो दुधातून आला की गाय गाभडली तेव्हा हातातून आला हे कोणी सांगू शकत नाही, दोन्ही वाटा आहेत, पण एक वाट तरी त्याला सहज बंद करता आली असती.

ब्रुसेला झाला, जनावरांचा टीबी झाला, साल्मोनेला, ई कोलाय, लिस्टेरिया, हे सगळे निरशा दुधातून येतात. गाय दिसायला धडधाकट असते तरी येतात. धारोष्ण पिणाऱ्या आजोबांबद्दल एवढंच म्हणेन की त्यांच्या कासंडीपासून तोंडापर्यंतचं अंतर दहा पावलं होतं, आणि जे लहानपणीच हगवणीने गेले त्यांना नातवंडं झाली नाहीत, त्यांची गोष्ट सांगणार कोण. तुमच्यापर्यंत येणारं दूध पहाटे चारला पिळलेलं, किटलीत हिंदकळत सातला दारात. एप्रिल-मेमधे या तीन तासांत जंतू किती पटींनी वाढत असतील याचा विचार करा.

युरोपात शेतावर वाढणाऱ्या आणि कच्चं दूध पिणाऱ्या मुलांना दमा-ॲलर्जी कमी दिसते असे अभ्यास आहेत, ते खरं आहे. पण ते अभ्यास करणाऱ्यांनीच कच्चं दूध प्या असं सांगायचं टाळलंय. गरोदर बाई, लहान मूल, म्हातारी माणसं आणि केमो वगैरे चालू असलेलं कोणी, यांना निरसं अजिबात नको, यात मी काही ऐकून घेणार नाही.

पण आपण उकळतोच ना? मग गवळ्याचं का नको?

नको असं मी म्हटलंच नाही. नीट वर येईपर्यंत उकळलं तर जंतूंचा प्रश्न मिटला, आपल्या आज्यांनी हे शास्त्र न शिकता केलं. प्रश्न आहे तो उकळून न जाणाऱ्या गोष्टींचा.

त्यातली एक म्हणजे अफ्लाटॉक्सिन, बुरशीचं विष. पेंडीला किंवा मक्याला बुरशी लागली, तेच जनावराने खाल्लं की त्याचं एक रूप दुधात उतरतं आणि ते उकळून जात नाही. दुसरी गोष्ट म्हणजे अँटिबायोटिक. म्हशीला दगडी झाली, म्हणजे कास सुजली, की कासेत औषधाची ट्यूब सोडतात, त्यानंतर ठराविक दिवस ते दूध विकायचं नसतं. ज्याच्या घरचा खर्चच त्या दुधावर चालतो तो पाच दिवस दूध गटारात ओतेल का, तुम्हीच सांगा. राग नाही मला त्याचा, पण हे होतं.

आणि गंमत म्हणजे यात पिशवीवालेसुद्धा सुटत नाहीत. एफएसएसएआय या आपल्या देशाच्या अन्नसुरक्षा संस्थेने २०१८ मधे देशभर ६,४३२ नमुने तपासले. त्यात घातक भेसळ फक्त १२ नमुन्यांत निघाली, पण अफ्लाटॉक्सिन मर्यादेपेक्षा जास्त ५.७ टक्क्यांत, आणि ते सुट्या दुधापेक्षा प्रक्रिया केलेल्या दुधात जास्त. आपण युरिया आणि साबणाच्या पावडरीला घाबरत बसतो आणि खरी गडबड बुरशी लागलेल्या पेंडीत असते. त्यामुळे गवळी ओळखीचा असेल तर एकदा गोठ्यावर जा, पेंडीचं पोतं ओल्या भिंतीला टेकलंय का बघा. दुधापेक्षा ते पोतं जास्त बोलतं.

उकळल्याने, पाश्चराइज केल्याने सत्त्व निघून जातं म्हणतात?

प्रोटीन आणि कॅल्शियम जागच्या जागी राहतं. बी गटातली काही व्हिटॅमिन थोडी कमी होतात, सी व्हिटॅमिन दुधात मुळातच नावापुरतं. दिवसातून चार वेळा तेच पातेलं खळखळा उकळत ठेवायची सवय असेल तर ती सोडा, एकदा वर आलं की गॅस बंद, निवलं की फ्रिजमधे.

पिशवीचं दूध परत उकळायचं का? कागदावर गरज नाही. पण ती पिशवी डेअरीतून टेम्पोत, टेम्पोतून नाक्यावरच्या क्रेटमधे, क्रेटमधून दाराच्या कडीला लटकलेल्या पिशवीत, आणि आपण उठतो आठला. म्हणून मी उकळते.

पिशवीच्या दुधाला साय येत नाही म्हणजे ते पावडरचं किंवा केमिकलचं असतं का?

नाही हो. बऱ्याच डेअऱ्या दूध होमोजिनाइज करतात, म्हणजे दाबाने बारीक भोकांतून काढतात, त्याने फॅटचे गोळे इतके बारीक होतात की ते वर तरंगून येतच नाहीत. त्यात टोन्ड दूध असेल तर फॅटच ३ टक्के, साय येणार कुठून. पावडरीचं म्हणाल तर उन्हाळ्यात दूध आटतं तेव्हा काही डेअऱ्या हिवाळ्यात केलेली स्किम पावडर वापरून दूध वाढवतात, हे धंद्यातल्या सगळ्यांना माहितीये. पण ती दुधाचीच पावडर असते, विष नसतं.

टोन्ड, स्टँडर्ड, फुल क्रीम, गाईचं, यातलं कुठलं घ्यायचं?

फॅट बघा, बाकी रंग पिशवीचा. डबल टोन्ड १.५ टक्के, टोन्ड ३, गाईचं साधारण ३.२ पासून पुढे, स्टँडर्ड ४.५, फुल क्रीम ६. वाढत्या पोरांना आणि चहाबाज घराला मधलं किंवा फुल क्रीम, ज्यांना डॉक्टरांनी कोलेस्टेरॉलवरून दम भरलाय त्यांना टोन्ड. फॅट काढलं की त्याबरोबर ए आणि डी व्हिटॅमिनपण जातं, म्हणून टोन्ड घेताना पिशवीवर प्लस एफचा निळा शिक्का बघा, त्यात ती परत घातलेली असतात. गाईचं दूध पिवळसर दिसतं ते कॅरोटीनमुळे, म्हैस त्याचं पोटातच ए व्हिटॅमिन करून टाकते म्हणून तिचं पांढरंफेक. पांढरं म्हणजे भेसळीचं असं काही नाही.

ऑरगॅनिक खरंच ऑरगॅनिक आहे हे कसं कळणार?

पाकिटावर जैविक भारतचा शिक्का आणि सर्टिफिकेशनचा तपशील आहे का ते बघायचं. फार्म फ्रेश, नॅचरल, शुद्ध, देशी, गोठ्यातून थेट दारात, हे सगळे नुसते शब्द आहेत, त्यांच्यामागे कोणी तपासणीस येत नाही. छोट्या शेतकऱ्याने स्वतः थेट विकलं तर त्याला सर्टिफिकेटमधून सूट आहे, त्यामुळे शिक्का नाही म्हणजे लबाडच असं नाही, पण मग तुम्हाला त्या माणसाला ओळखता आलं पाहिजे.

आमच्या भागात दुभत्या जनावराला काय घालतात ते सांगते म्हणजे अंदाज येईल. उसाचं वाढं (शेंड्याचा हिरवा पाला), कडबा, मुरघास (हवाबंद मुरवलेला हिरवा चारा) आणि सरकी पेंड. आता आपल्याकडे कापूस जवळपास सगळा बीटी, म्हणजे सरकीपण बीटीची, आणि ऑरगॅनिकच्या नियमात असला जीएम, म्हणजे जनुकं बदललेल्या पिकाचा चारा चालत नाही. वाढं येतं ते युरिया आणि तणनाशक मारलेल्या उसाचं. म्हणजे खरं ऑरगॅनिक दूध काढायचं तर चाऱ्याचं सगळं रानच वेगळं करावं लागतं, पेंड बदलावी लागते, दूध कमी होतं ते सोसावं लागतं. हे सगळं करून कोणी तुम्हाला पिशवीच्या दुधापेक्षा दहा रुपये जास्त घेऊन ऑरगॅनिक देत असेल तर मला त्याचा पत्ता द्या, मी बाबांना घेऊन बघायला जाते.

मिळतं काय त्यातून? कीटकनाशकं आणि अँटिबायोटिकचे अंश कमी असण्याची शक्यता, आणि जनावर खरंच चरायला सोडत असतील तर ओमेगा ३ थोडं जास्त. प्रोटीन, कॅल्शियम तेवढंच. पैसे असतील तर घ्या, नसतील तर मुलांचं काही वाईट करतोय असं मनात आणू नका.

मी स्वतः एकदा काचेच्या बाटलीतलं ॲपवरून लावलं होतं, नाव नाही घेत. मे महिन्यात तीन वेळा पातेल्यातच नासलं. पोऱ्याला विचारलं तर म्हणाला ताई पहाटे तीनला गाडी भरतात, बर्फ संपला की संपला. कंपनीला सर्टिफिकेट मागितलं तर गाईचा फोटो पाठवला. छान होती गाय.

ए२ दुधाचं काय? दुप्पट पैसे द्यावेत का?

दुधातल्या बीटा केसिन नावाच्या प्रोटीनचे ए१ आणि ए२ असे प्रकार, त्यांच्यात फरक एका अमिनो ॲसिडचा, ६७ व्या जागेवरच्या. ए१ पचताना एक तुकडा सुटतो आणि तो आजार करतो असा दावा. युरोपच्या अन्नसुरक्षा संस्थेने २००९ मधे सगळं तपासून सांगितलं की आजारांशी थेट संबंध दिसत नाही. आपल्याकडे एफएसएसएआयने ऑगस्ट २०२४ मधे पाकिटावरचे ए१-ए२ दावे काढा असा आदेश काढला आणि पाचच दिवसांत मागे घेतला, यावरून काय समजायचं ते समजा.

आणि एक गोष्ट जी विकणारे सांगत नाहीत, म्हशीचं दूध ए२च असतं. खिल्लार, डांगी, देवणी, गीर या आपल्या गाईंचंही बहुतेक ए२च. तेव्हा ए२चं एवढंच मनात असेल तर नाक्यावर म्हशीचं दूध मिळतं ते ए२च आहे, बाटलीचे पैसे वाचले.

बाळाला वरचं दूध कधी आणि कुठलं?

पहिले सहा महिने फक्त अंगावरचं, आणि वर्षाच्या आत गाईचं-म्हशीचं दूध मुख्य दूध म्हणून नको. आज्या पाणी घालून गाईचं दूध सुचवतात, प्रेमाने सुचवतात, पण त्यात लोह नाहीच जवळपास, आणि इतक्या लहान आतड्यातून त्याने बारीक रक्त जाऊ शकतं. अंगावर दूध येत नसेल तर बालरोगतज्ज्ञांना विचारा, शेजाऱ्यांना नको, मलापण नको. वर्षानंतर उकळलेलं पूर्ण फॅटचं, गाईचं की म्हशीचं जे पचेल ते, दिवसाला ४०० ते ५०० मिली पुष्कळ झालं. बाटलीवर बाटली दूध पिणारी पोरं जेवत नाहीत आणि मग हिमोग्लोबिन कमी निघतं, आमच्याच मजल्यावर दोन उदाहरणं आहेत.

दूध प्यायलं की पोट फुगतं, ऑरगॅनिकने फरक पडेल?

लॅक्टोज म्हणजे दुधातली साखर, काहींना ती पचत नाही, आणि ती सगळ्या दुधात आहे, ऑरगॅनिकमधेही, ए२मधेही आणि निरशातही. दही-ताक घ्या, विरजणातले जंतू त्यातलं बरंच लॅक्टोज खाऊन टाकतात. दुधाची खरी ॲलर्जी वेगळी, अंगावर पित्त उठणं, ओठ सुजणं असं काही असेल तर सरळ डॉक्टर.

टेट्रापॅक?

१३५ अंशाच्या वर काही सेकंद तापवून निर्जंतुक पाकिटात भरतात, म्हणून न फोडता महिनोन्‌महिने बाहेर टिकतं, त्यात प्रिझर्वेटिव्ह नसतं. फोडलं की फ्रिज. सप्टेंबर २०२५ पासून त्यावरचा ५ टक्के जीएसटी पण गेला. ट्रेकला, पावसाळ्यात गावी जाताना मस्त. दही मात्र पातळ लागतं आणि चहाला तो एक शिजट वास येतो.

घरी भेसळ तपासता येते का?

थोडीफार. गुळगुळीत तिरक्या ताटलीवर थेंब सोडा, चांगलं दूध मागे पांढरी रेघ सोडत हळू उतरतं, पाणी घातलेलं सुळकन जातं. दूध आणि पाणी समान घेऊन जोरात हलवा, साबणासारखा दाट फेस टिकून राहिला तर संशय घ्या. निवलेल्या दुधात आयोडीनचे दोन थेंब, निळं झालं तर पिठूळ काहीतरी आहे.

लॅक्टोमीटरवर, म्हणजे दूध किती घट्ट ते दाखवणाऱ्या तरंगत्या नळीवर, फार विसंबू नका. पाण्याने डिग्री उतरते आणि साय काढली की चढते, दोन्ही मापात केलं की काटा जागेवर. म्हणून तर केंद्रावर फॅट वेगळं लावायचे. बाबा काचेच्या नळीत १० मिली ॲसिड घ्यायचे, वर १०.७५ मिली दूध, एक मिली अल्कोहोल, बूच मारून चक्रात गरागरा फिरवायचे आणि मग उजेडाकडे धरून पिवळ्या थराची रेघ वाचायचे, मागे दहा शेतकरी माना लांब करून बघतायत कारण ३.५ की ३.३ यावर त्यांचे पैसे. ॲसिडची भोकं नाहीत असा बाबांचा एकही शर्ट नव्हता. आता मशिनला दूध लावलं की मिनिटभरात स्लिप येते. तर सांगायचं हे की पिशवीच्या दुधाची इतकी तपासणी होऊनच ते पुढे जातं, सुट्याची तपासणी म्हणजे तुमची जीभ.

भाऊ अमेरिकेत असतो, तिथलं ऑरगॅनिक वेगळं का?

नियम कडक आहेत, गाय वर्षातले किमान १२० दिवस चरली पाहिजे, अँटिबायोटिक दिलेल्या गाईचं दूध ऑरगॅनिक म्हणून विकता येत नाही. पण तिथलं ऑरगॅनिक बरंचसं अल्ट्रा पाश्चराइज्ड असतं, त्याचं पनीर नीट धरत नाही, दही सैल. वहिनी तीन महिने विरजणाला दोष देत होती. साधं पाश्चराइज्ड घे म्हटलं, लागलं दही. कच्चं दूधही काही राज्यांत मिळतं, त्याला उत्तर वरचंच.

तुम्ही स्वतः काय घेता?

दिवसाला दीड लिटर लागतं. पिशवीचं गाईचं आमच्याकडे ५८ रुपये, मामांचं (आमच्या गवळ्याला सगळे मामाच म्हणतात) म्हशीचं ८०, बाटलीतलं १२०. सगळं बाटलीतलं घ्यायचं तर पिशवीपेक्षा महिन्याला जवळपास २८०० रुपये जास्त, तेवढ्यात पोरांची अंडी, फळं आणि डाळी होतात. म्हणून रोज एक लिटर पिशवी आणि मामांकडून अर्ध्या लिटरचा रतीब, सायीसाठी आणि तुपासाठी, आला की लगेच गॅसवर. मामांचा गोठा मी बघितलाय, पेंड लाकडी फळ्यांवर ठेवतात.

शिवाय रतीब असला की म्हैस व्याल्यावर चीक आपल्याला मिळतो, ॲपवर मिळत नाही. पहिल्या दिवसाचा असेल तर त्यात दुप्पट दूध घाला आणि गूळ-वेलची घालून चांगला वाफवा, नुसता चीक लावलात तर खरवस रबरासारखा होतो आणि मग मामांना उगाच बोल लागतो.